नातं : भाडेकरू

औषधवाला : हे बघा, मी तिसऱ्यांदा फोन करतोय. दोनदा वाजून वाजून बंद झाला. तिला द्या फोन.

पाटीवाला : कोण बोलतंय?

औषधवाला : फोन तिचा, नंबर तिचा, आणि कोण म्हणून तुम्ही विचारणार? तुम्ही कोण?

पाटीवाला : मी भाडेकरू. बाईंच्या मागच्या खोलीत राहतो.

औषधवाला : भाडेकरू मालकिणीचा फोन कधीपासून उचलायला लागले?

पाटीवाला : थांबत नव्हता. म्हणून उचलला.

औषधवाला : बरं, निरोप सांगा. म्हणावं, या महिन्याची पोटगी पाठवली ती परत आली. खातं चालू नाही असं बँक म्हणते. बदललं असेल तर नवा नंबर कळव म्हणावं. दर महिन्याला पैसे मिळाले की 'पोचले' एवढा एक शब्द लिहून धाडते, या वेळी तोही नाही. मला वाटलं, रुसली.

पाटीवाला : तुम्ही औषधवाले.

औषधवाला : औषधांचं दुकान आहे माझं, हो. तिचा आधीचा नवरा. तुम्हाला बरं ठाऊक?

पाटीवाला : बाई म्हणायच्या. औषधवाल्यांचे पैसे आले, म्हणायच्या.

औषधवाला : नवऱ्याचा औषधवाला झालो. चालायचंच. घरात आहे का ती?

पाटीवाला : नाही.

औषधवाला : कामावरून कधी येते?

पाटीवाला : बाई गेल्या.

औषधवाला : कुठे गेल्या?

पाटीवाला : वारली ती. मागच्या आठवड्यात.

औषधवाला : काय बोलताय तुम्ही.

पाटीवाला : कामावरच कोसळली. दातांच्या दवाखान्यात बसायची ना, पेशंटांची नावं लिहून घ्यायला. पेन खाली पडलं, उचलायला वाकली. डोक्यातली शीर फुटली म्हणाले डॉक्टर.

औषधवाला : माझ्याहून लहान होती ती.

पाटीवाला : हो.

औषधवाला : मला कोणी कळवलं नाही.

पाटीवाला : मी कसा कळवणार? तिचा भाऊ आला होता. त्याने सगळं उरकलं.

औषधवाला : तो कळवणार नाहीच. थांबा जरा, गिऱ्हाईक उभं आहे. हां मावशी, ही जेवल्यावर घ्यायची. एक. नाही, एकच, दोन नाही. सुटे नंतर द्या. हं. आहात का?

पाटीवाला : आहे. काय बोलू?

औषधवाला : काही बोलू नका. फक्त फोन ठेवू नका.

(पुढच्या आठवड्यात, तिच्या घरी.)

पाटीवाला : या. चपला आत काढा, बाहेर कुत्रं पळवतं.

औषधवाला : बसायला वेळ नाही. दुकानात बायकोला बसवून आलोय. तिला सातवा लागलाय, फार वेळ बसवत नाही.

पाटीवाला : पाणी तरी घ्या.

औषधवाला : द्या. या खुर्चीवर बसू?

पाटीवाला : बसा. ती माझी आहे. खिडकीकडची तिची.

औषधवाला : मागच्या खोलीतल्या माणसाची खुर्ची पुढच्या खोलीत?

पाटीवाला : इथे उजेड असतो.

औषधवाला : असो. कामाचं बोलतो. तिच्या मृत्यूच्या दाखल्याची एक प्रत हवीय मला. आम्ही घर घेतोय, म्हणजे घ्यायचं म्हणतोय. पोर यायच्या आत. कर्जाचा अर्ज केलाय. आता बँकेची रीत अशी, की माझ्या कमाईतून आधी पोटगी वजा करायची आणि उरेल त्यावर कर्ज किती ते ठरवायचं. कोर्टाच्या निकालात लिहिलंय ना, ती मरेपर्यंत किंवा दुसरं लग्न करेपर्यंत. म्हणजे बँकेच्या लेखी ते जन्माचं देणं. आता देणं संपलं, तर कर्ज वाढून मिळेल. पण नुसत्या तोंडी सांगण्यावर कोण विश्वास ठेवतो? आम्हाला दाखला आणा म्हणाले.

पाटीवाला : कचेरीत मिळतो.

औषधवाला : गेलो होतो. खिडकीतला म्हणतो, नातं काय? म्हटलं, घटस्फोट झालाय. म्हणतो, मग नातं नाही. मी म्हटलं, बाबा रे, नातं नाही तर इतकी वर्षं महिन्याच्या महिन्याला पैसे कोणाला पाठवत होतो, तुला? त्याने खिडकी लावून घेतली.

पाटीवाला : मलाही नाही दिला.

औषधवाला : तुम्ही मागायला गेला होतात? भाडेकरू?

पाटीवाला : गेलो होतो. भाऊ एक प्रत ठेवून गेलाय इथे, कोणी चौकशीला आलं तर दाखवायला. कोपऱ्यावर झेरॉक्स काढून मिळेल.

औषधवाला : भला माणूस आहात. भाऊ आणखी काय म्हणाला?

पाटीवाला : म्हणाला, या महिन्यापासून भाडं माझ्याकडे भरा. घराला गिऱ्हाईक मिळालं की खोली सोडा.

औषधवाला : कधी म्हणाला हे?

पाटीवाला : तिला पोचवून परत आलो तेव्हा. फाटकातच.

औषधवाला : आणि तुम्ही?

पाटीवाला : बरं म्हणालो.

औषधवाला : बरं म्हणालात. अहो पाटीवाले, गल्लीच्या तोंडाशी नावाच्या पाट्या कोरायचं दुकान आहे, ते तुमचंच ना?

पाटीवाला : माझंच.

औषधवाला : मग आता मला सांगा, हे भाडेकरूचं सोंग माझ्यापुढे किती वेळ चालवणार? फोनवर आधी 'बाई' होत्या. मेल्याचं सांगताना 'ती' झाली. मालकिणीला कोणी भाडेकरू 'ती' म्हणत नाही. निदान फोनवर नाही म्हणत.

पाटीवाला : फोनवर कळलं तुम्हाला?

औषधवाला : फोनवर कशाला? तीन वर्षं होत आली. दुकान मंदीत होतं तेव्हा आलो होतो मी इथे. वकिलाला मधे न घालता तिलाच सांगावं, बाई गं, पोटगी थोडी कमी कर. बेल वाजवायला हात उचलला आणि दारावरची पाटी बघितली. पितळ चोख. अक्षर बघत राहावं असं. आणि नाव पार वर चढवलेलं, खाली सगळी जागा रिकामी. आधी वाटलं, कसला हा कारागीर, मापात चुकला. मग वाटलं, असं अक्षर ज्याच्या हातात आहे तो मापात चुकायचा नाही. खाली बरोबर आणखी एक नाव बसेल एवढी जागा सोडलीय. बेल न वाजवता घरी गेलो.

पाटीवाला : तिला सांगितलं होतं मी, कळेल कोणालातरी. म्हणाली, पाटी कोण वाचतं, लोक बेल बघतात.

औषधवाला : मी दुकानदार माणूस. पाटी आधी वाचतो.

पाटीवाला : मग कोर्टात का नाही सांगितलंत? दुसऱ्या पुरुषाबरोबर राहते म्हटलं असतं तर पोटगी बंद झाली असती. तिला रोज तीच धास्ती होती.

औषधवाला : हिशेब केला होता मी. पोटगी दिली की तेवढी रक्कम माझ्या उत्पन्नातून वजा होते, तेवढ्यावर कर नाही. कर ती भरायची, तिचं उत्पन्न म्हणून. पोटगी बंद केली असती तर तोच पैसा माझ्या माथ्यावर आला असता, वर वकिलाची फी. वाचून वाचून वाचणार किती?

पाटीवाला : तरी वाचलेच असते.

औषधवाला : वाचले असते, हो.

पाटीवाला : मग?

औषधवाला : मग काय मग. दुकान काढलं तेव्हा गल्ल्यावर ती बसायची. सकाळी शटर ती उघडायची, रात्री हिशेब ती मिळवायची. एका पैशाचा पगार घेतला नाही. मीही दिला नाही, बायकोला कोण पगार देतं? पुढे नाही पटलं आमचं, ते जाऊ द्या, त्यात माझीच जीभ जास्त होती. कोर्टाने त्या रकमेला पोटगी म्हटलं. मी आपला थकलेला पगार म्हणून देत होतो. आता असा डोळे फाडून बघू नका. मी काही संत नाही. कराची सूटही घेतच होतो.

पाटीवाला : तिला ठाऊक होतं, तुम्हाला कळलंय ते?

औषधवाला : तुम्ही सांगा. तुमच्या घरात राहायची.

पाटीवाला : मला वाटतं नव्हतं. असतं तर लग्न करून मोकळे झालो असतो.

औषधवाला : हेच मला कळत नाही. इतक्या वर्षांत लग्न का नाही केलंत? पोटगी जाईल म्हणून? तुमचे हात चालतायत की.

पाटीवाला : हात चालतात. बँकेला हात दाखवून चालत नाही. आमच्या धंद्यात सगळं रोखीचं, कच्ची पावती. या घराच्या कर्जाचा अर्ज घेऊन मी गेलो तर म्हणाले, तुमचं उत्पन्न शून्य. दिवसभर पितळ घासून शून्य. तिचा पगार थोडा, पण पक्का. त्यात तुमची पोटगी, कोर्टाच्या शिक्क्याची. दोन्ही मिळूनही तिच्या नावावर पुरेसं कर्ज बसेना. तेव्हा बँकेतलाच एक जण म्हणाला, एखादी खोली भाड्याने द्या, भाडंही उत्पन्नात धरतो आम्ही.

औषधवाला : आणि भाडेकरू तुम्ही.

पाटीवाला : भाडेकरू मी. पोटगी हवी तर नवरा नको. कर्ज हवं तर भाडेकरू हवा. मी एकटाच होतो, दोन्हीकडे पुरलो.

औषधवाला : खरंच भाडं द्यायचात?

पाटीवाला : बँकेतून. पावती घेऊन. त्या भाड्यावरही ती कर भरायची. म्हणायची, लोकांचे नवरे फुकट राहतात, माझा पावती घेऊन राहतो आणि वर मलाच कर लावतो.

औषधवाला : जीभ तिचीही काही कमी नव्हती.

पाटीवाला : जेवायला वाढलं की हाक मारायची. भाडेकरू, ताट घ्या. भाडं थकलं तर भाजी मिळायची नाही.

औषधवाला : हसता आहात.

पाटीवाला : ती असंच म्हणायची.

औषधवाला : मागच्या खोलीत खरंच काही आहे?

पाटीवाला : खाट आहे. बँकेचा माणूस पाहणीला आला होता तेव्हा गादी पसरली होती, खुंटीला माझे दोन शर्ट अडकवले होते. तो गेल्यावर गादी गुंडाळली. मग तिथे पत्रे आणि सामान ठेवायला लागलो.

औषधवाला : आता?

पाटीवाला : आता तिथेच झोपतो. पुढच्या खोलीत झोप येत नाही.

औषधवाला : लग्न करायचंच नव्हतं का मग?

पाटीवाला : होतं. पुढच्या वर्षी. दर वर्षी पुढच्या वर्षी. कर्ज थोडं उतरू दे, माझी बँकेत चार वर्षांची पक्की उलाढाल दिसू दे, मग पोटगी सोडून देऊ म्हणायची. औषधवाल्याला मीच फोन करीन, म्हणायची. बाबा, सुटलास म्हणून सांगीन.

औषधवाला : असं म्हणायची?

पाटीवाला : हो.

औषधवाला : पाणी आणखी आहे का?

पाटीवाला : घ्या. एक सांगतो, कोणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी दवाखान्यातून फोन आला, तिला मोठ्या इस्पितळात नेलंय म्हणून. तसाच धावलो, हात पितळेच्या कचऱ्याने भरलेले. आतल्या दारावर एक पोरगी होती, वही घेऊन. म्हणाली, नातं काय?

औषधवाला : मग?

पाटीवाला : आठ वर्षं हाच प्रश्न. पाणीपट्टीवाला, शेजारी, तिचा भाऊ, बँक. विचारलं की तोंडातून आपोआप निघायचं. तिने पाठच करून घेतलं होतं माझ्याकडून. अडखळू नका म्हणायची, अडखळलात की मेलो आपण.

औषधवाला : म्हणालात?

पाटीवाला : भाडेकरू म्हणालो. अडखळलो नाही. पोरगी म्हणाली, मग बाहेर बसा, नातेवाइकांना कळवा. लगेच म्हटलं, नाही हो, नवरा आहे मी. ती म्हणाली, आत्ताच तर भाडेकरू म्हणालात. हातांकडे बघितलं माझ्या. दोन वॉर्डबॉय बोलावले. मी बाहेर बाकावर बसलो. भाऊ पोचेपर्यंत ती तशीच होती आत. शुद्ध होती थोडी, नर्स म्हणाली नंतर. कोणालातरी हाक मारत होती म्हणे.

औषधवाला : काय म्हणून?

पाटीवाला : नर्सला कळलं नाही. म्हणाली, भाड्याबद्दल काहीतरी बोलत होत्या, पेशंटला पैशाची काळजी दिसत होती.

औषधवाला : अरेरे.

पाटीवाला : तुमचा वेळ जातोय. बाई दुकानात आहेत ना तुमच्या?

औषधवाला : बसेल ती. बसा तुम्ही.

पाटीवाला : मग एक विचारू?

औषधवाला : विचारा.

पाटीवाला : बँकेत गेलो होतो. हप्ता मी भरत राहतो, घर ठेवा म्हटलं. तिथल्या बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, नवरा असतात तर कर्ज तुमच्या नावावर करून दिलं असतं. लग्नाचा कागद नसला तरी चालतं म्हणाल्या, नवराबायकोसारखे राहत होतात असं कोणी शपथेवर लिहून दिलं तर. मग भावाच्या आधी माझा हक्क लागतो. पण लिहून देणारं माणूस आमची बाजू न घेणारं हवं.

औषधवाला : शेजारी?

पाटीवाला : शेजाऱ्यांना आम्हीच सांगितलंय, भाडेकरू. सगळी गल्ली शपथेवर तेच सांगेल. भाऊ तर सांगणार नाहीच. खरं ठाऊक असलेलं माणूस जगात नाही, असं वाटत होतं मला. आत्ता तुम्ही पाटीचं बोललात.

औषधवाला : तरी म्हटलं, हा माणूस एवढं का सांगतोय.

पाटीवाला : त्यासाठी नाही सांगितलं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

औषधवाला : ऐका. मी लिहून दिलं, की हे दोघं नवराबायकोसारखे राहत होते आणि मला तीन वर्षांपासून ठाऊक होतं. ठीक. उद्या कर खात्याचा माणूस विचारेल, ठाऊक होतं तर पोटगी लागूच नव्हती. लागू नव्हती तर ती पोटगी कसली, तुम्ही खुशीने दिलेले पैसे. मग त्यावर सूट कशी घेतलीत? सूट परत करा, वर व्याज, वर दंड. ते देणं निघालं की माझ्या बँकेला कळणार. एक देणं गेलं म्हणून अर्ज वाढवायचा आणि दुसरं घेऊन उभं राहायचं. पोर दुकानाच्या माळ्यावर वाढवू?

पाटीवाला : ठाऊक कधी झालं ते नका लिहू.

औषधवाला : शपथेवर विचारतात हो ते. कधी कळलं, कसं कळलं. आणि त्या भावाचा वकील काय मला सोडेल? पाटी बघून कळलं म्हणून सांगू?

पाटीवाला : खरं तेच आहे.

औषधवाला : खरं आहे म्हणून तर भीती आहे. ती गेली, तिला कोणी काही करत नाही. तुमचं काय घेणार, तुम्ही शून्य. सापडणार तो मी. अन् मी तुमचं वाईट कधी केलं नाही, पाटीवाले. तीन वर्षं तोंड शिवून बसलो.

पाटीवाला : नाही केलंत.

औषधवाला : मला कोणी समोर बसवून विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही. एवढा शब्द देतो.

पाटीवाला : तुम्हाला कोण विचारणार?

औषधवाला : कोणी नाही विचारणार.

पाटीवाला : हं. चला, झेरॉक्सचं दुकान जेवायला बंद होईल.

औषधवाला : राग आला?

पाटीवाला : नाही. तुमच्या घरात पोर येणार आहे. माझ्या घरात आता कोणी येणार नाही. ही घ्या प्रत. घडी तिथेच आहे, दुसरी घालू नका, शिक्क्यावरून फाटेल.

औषधवाला : तुम्ही कुठे जाणार?

पाटीवाला : दुकानाच्या मागे जागा आहे. खाट बसते का बघायचंय.

औषधवाला : ती पाटी तरी नीट करा हो. आत येताना पुन्हा बघितली. नाव मधोमध नाही तर चुकल्यासारखी दिसते. लोक तुमच्या कामाला नावं ठेवतील.

पाटीवाला : कोरलेलं नाव सरकत नाही.

औषधवाला : मग नवा मालक उचकटून भंगारात देईल. पितळ आहे.

पाटीवाला : नाही देणार. स्क्रू आतून घेतलेत. जाताना मी काढून नेणार.

औषधवाला : नेऊन करायचं काय आता तिचं?

पाटीवाला : खालची ओळ कोरायची राहिलीय.